लाल दिव्यावर चालणारी गाडी

आमच्या घरातल्या वरणात रुई निघायची. हे मी आताच्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना विनोद वाटतो, पण दिग्रसच्या एखाद्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलच्या आवारात ज्याचं लहानपण गेलं असेल त्याला विचारून बघा. मिलच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांची क्वार्टरं होती. टिनाचं छत, दोन खोल्या आणि पुढे शेणानं सारवलेला ओटा. हंगाम सुरू झाला की रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत राहायचे आणि दाराला पडदा लावा नाहीतर ओली चादर, ते आत यायचेच. आई वरणावर झाकण ठेवायची, पिठावर फडकं टाकायची, आणि तरीही भाकरीत एखादा धागा सापडला की बाबांकडे असं पाहायची जणू तो त्यांनीच खिशातून आणून टाकलाय. बाबा मिलचे वायरमन होते. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. आईसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे वायरमन" म्हणायची.

मी सांगते आहे त्या वर्षी मात्र वरण स्वच्छ होतं. मागच्या हंगामात यंत्रं कशीबशी संक्रांतीपर्यंत चालली आणि मग थांबली ती थांबलीच. कापूस कमी पिकला होता आणि जो पिकला तो ट्रक भरभरून आदिलाबादकडे चालला होता. त्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, आणि लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी आमचा तालुका गाडीच्या काचेतून पाहिला होता, म्हणून मी त्यात भर घालत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मिलचा भोंगा वाजेनासा झाला आणि आईला दूध केव्हा तापवायचं, मला शाळेत केव्हा धाडायचं हे कळेनासं झालं. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. शेठजींनी कोणाला कामावरून काढलं नव्हतं. दसऱ्याला नव्या हंगामाचा मुहूर्त होईल की नाही हे मात्र ते सांगत नव्हते, आणि बाबा रोज सकाळी डबा घेऊन भिंतीपलीकडच्या बंद मिलमध्ये जात, मोटरींवरची धूळ पुसत आणि संध्याकाळी परत येत.

मला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, आणि बाबांना बोलायला कोणीतरी लागायचं. त्यामुळे लहानपणापासून मी त्यांच्या मागेमागे पॅनेलच्या खोलीत जात असे. ते शिकवत असत असं नाही म्हणता येणार, ते आपले मोठ्यानं काम करत. तार कशी सोलायची, पेच किती आवळायचा, दहा तारा एका वाटेनं न्यायच्या असतील तर त्यांना मेणबत्तीचं मेण चोळलेल्या सुती दोऱ्यानं कसं बांधायचं. ते बांधणं असं देखणं असायचं की आई म्हणे, माझ्या वेणीवर कधी एवढी मेहनत नाही घेतली कोणी. आणि सगळ्यांत पहिला धडा दिव्यांचा. पॅनेलवर प्रत्येक मोटरीचे दोन दिवे असत. मोटर चालू असली की लाल, बंद असली की हिरवा. "लाल म्हनजे जित्ती," बाबा सांगत, "हात नाही लावाचा. हिरवा म्हनजे थंडी पडली, खुशाल जवळ जाय." मिलमधली बाई असो की बोजा उचलणारा माणूस, पट्ट्याजवळ जाण्याआधी प्रत्येकाची नजर त्या दिव्यावर जायची.

त्या वर्षी मी बारावीत होते. आमच्याकडे तेव्हा मुलींनी बारावीनंतर काय करायचं याचं एकच उत्तर होतं, डी.एड. पाहुण्यांनी मुलगी किती शिकली हे विचारावं आणि आईबापांनी डी.एड. म्हणून सांगावं, की दोघांचाही जीव भांड्यात पडे. मला यवतमाळला जाऊन इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. मला दुसरं काही येतही नव्हतं आणि आवडतही नव्हतं, आणि पॅनेलच्या खोलीतल्या त्या गरम वासात मला जितकं बरं वाटे तितकं कुठेच वाटत नसे. आईनं ऐकून घेतलं आणि बाबांकडे बोट दाखवलं. बाबांनी जे उत्तर दिलं त्याचा मला राग आला, कारण त्यात त्यांना माझं भलं करायचं होतं हे दिसत होतं. ते म्हणाले, "त्याच्यासाठी यवतमाळले कायले जाची? मले जेवढं येते तेवढं बंदं तुले देल्लं. आता शिकाचं काही राह्यलं नाही. तू मास्तरीण हो." मी महिनाभर वाद घातला. भाकरी थापताना, पाणी भरताना, त्यांच्या जेवणाच्या ताटासमोर. ते एवढंच म्हणत, की वायरिंग हे पुस्तकात नसतं.

भाद्रपद संपत आला तेव्हा बंडूभाऊ घरी आले. त्यांचं बाजारात किराण्याचं दुकान होतं आणि आमच्या भागातल्या दुर्गा मंडळाचे ते अध्यक्ष होते. नवरात्र म्हणजे आमच्या जिल्ह्यात दिवाळीपेक्षा मोठा सण. यवतमाळचे देखावे पाहायला लोक नेरहून, उमरखेडहून एसटीनं येत, आणि दिग्रसचीही आपली ऐट होती. दरवर्षी नागपूरहून हलता देखावा भाड्यानं यायचा, त्यात राक्षस मान हलवायचा आणि सिंहाच्या तोंडातून धूर निघायचा. पण कापूस बसला की वर्गणीही बसते, आणि त्या वर्षी नागपूरचा राक्षस परवडणार नव्हता. बंडूभाऊंनी ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाले की शेठजींच्या माडीवर नातवाची विलायती रेल्वे धूळ खात पडली आहे, नातू नागपूरला मोठा झाला, शेठजी द्यायला तयार आहेत, तर वायरमननं यंदा गावात रेल्वे आणावी.

यात एक खोच होती. आमच्या गावाला रेल्वे नाही. येणार येणार म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीनं वाट पाहिली होती. दारव्ह्याला छोटी गाडी होती, पण ती त्या रुळावर एकुलती एक, तिला कोण आडवं येणार होतं. सिग्नलकडे कोणी मान वर करून पाहत नसे. मोठ्या रुळावरची गाडी पाहायची तर मूर्तिजापूर गाठावं लागे. खुद्द बाबा जन्मात मोठ्या गाडीत बसले नव्हते. तरी ते हो म्हणाले. हाताला काम नसलेल्या माणसासमोर असं काम ठेवलं तर तो आणखी काय म्हणणार?

रुईच्या गाठी ठेवायच्या रिकाम्या गोदामात आम्ही फळ्या टाकल्या आणि दोघं कामाला लागलो. इंजिन बोटभर लांब, मागे डबे, आणि वाटोळा जाणारा रूळ, एवढंच शेठजींकडून आलं होतं. बाकीचं आम्ही केलं. स्टेशन प्लायवुडचं, त्यावर पिवळी पाटी आणि काळ्या अक्षरांत दिग्रस. बाबांनी ती पाटी माझ्याकडून पुन्हा रंगवून घेतली, कारण पहिलीत ग्र नीट आला नव्हता. त्या पाटीखाली छोटं जिनिंग, त्यात टेपरेकॉर्डरच्या मोटरीवर चालणारा पट्टा, आणि पट्ट्यावरून खऱ्या कापसाचे बोळे वर जात. रुळाला आडवा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना फाटक. दारावरच्या टिंगटाँग घंटीत एक कॉइल असते, बटण दाबलं की ती आतली सळई ओढून घेते. त्या कॉइलवर आम्ही फाटक उचललं. रस्त्यावर लाकडी बैलगाडी, कापसानं भरलेली, ती दोरीवर ओढली जाई. आणि पुढे पाहणाऱ्यांसाठी एक बटण.

त्या बटणातच सगळी गंमत होती. फाटकाअलीकडचा रुळाचा एक तुकडा आम्ही करवतीनं कापून बाकीच्या रुळापासून वेगळा केला होता, म्हणजे त्याला वीज द्यायची की नाही हे आपल्या हातात. कोणी बटण दाबलं की त्या तुकड्याची वीज जायची, गाडी तिथं येऊन आपोआप थांबायची, फाटक वर उठायचं, बैलगाडी रूळ ओलांडायची. पलीकडे गेली की तिथला स्विच दाबला जाई, फाटक खाली येई, रुळात पुन्हा वीज आणि गाडी सुरू. जवळच खांबावर सिग्नल होता, त्याला मिलच्या जुन्या पॅनेलमधले दोन दिवे. ते कसे जोडायचे यावर आम्ही दोघांनी क्षणभरही विचार केला नाही. रुळात वीज असली, गाडी धावत असली की लाल. वीज गेली, गाडी थांबली की हिरवा. बाबांनी सांगितलं, मी जोडलं, आणि तारा मेणाच्या दोऱ्यानं बांधून टाकल्या.

घटस्थापनेच्या संध्याकाळी देखावा उघडला आणि गाव लोटलं. मी खोटं कशाला बोलू, मला इतका अभिमान त्यानंतर मोठमोठ्या कामांचाही वाटला नाही. बटणासमोर रांग लागली. म्हातारे लोक दिग्रसची पाटी पाहून हसत होते आणि एकमेकांना सांगत होते की आली बापा एकदाची. मिलमधल्या बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. लाल दिवा असला की त्या पोराचा हात मागे घेत, गाडी चालू आहे म्हणत, आणि हिरवा झाला की जा म्हणत बैलगाडीकडे बोट दाखवत. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आई उपासाची भगर आणि दाण्याची आमटी डब्यात घेऊन तिथंच यायची आणि आम्ही दोघं फळीमागे बसून जेवायचो. बाबा जेवताना कान रुळाकडे लावून बसत. चाकांचा आवाज बदलला की घास हातात धरून उठत.

पंचमीला बंडूभाऊंचे व्याही आले. बडनेऱ्याचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट घातलेले सद्गृहस्थ. बंडूभाऊंनी त्यांना रांग मोडून पुढे आणलं. त्यांनी बटण दाबलं, फाटक पाहिलं, घंटीच्या कॉइलचं कौतुक केलं. मग सिग्नलकडे पाहत राहिले. गाडीचा एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि ते हसायला लागले. हसण्यात वाईट काही नव्हतं. नातवानं उलटी चप्पल घातल्यावर आजोबा हसतात तसं ते हसत होते. पण गर्दी होती आणि त्यांचा आवाज मोठा होता. "वायरमन, तुमची गाडी लाल दिव्यावर पळून राह्यली न् हिरव्यावर थांबून राह्यली. आमच्या इकडे असं झालं असतं तं डायव्हर घरी अन् मी बी घरी."

रांगेतले लोक आधी सिग्नलकडे पाहू लागले आणि मग, पाहुणे हसताहेत म्हणून, तेही हसले. जे पाच दिवस हिरव्यावर बैलगाडी सोडत होते तेच. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातून कधी तार उलटी गेली नव्हती, मिलमध्ये ही गोष्ट शपथेसारखी सांगितली जायची. त्यांनी फक्त विचारलं, असं कसं, गाडी चालू असताना हिरवा लावला तर माणूस जवळ नाही का जाणार? व्याही म्हणाले की रेल्वेत तसंच असतं. बंडूभाऊ म्हणाले की दोन तारांचंच तर काम आहे, आत्ता बदलवून टाका. बाबांनी पेचकस खिशात घातला. "मी पाह्यल्याशिवाय तार नाही हालवत," ते म्हणाले आणि घरी निघून गेले. मला वाटलं ते हट्टाला पेटलेत. लाजही वाटली आणि त्यांची कीवही आली, आणि दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते मला त्या वयात माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते गेले. कुठे, ते आईलाही सांगितलं नाही. शेंगदाणे आणि गूळ फडक्यात बांधून घेतले, एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी मी एकटी गोदामात गेले तर बंडूभाऊ आधीच हजर. ते वाईट माणूस नव्हते, पण व्याह्यांसमोर त्यांची मान खाली गेली होती आणि व्याही अजून मुक्कामाला होते. त्यांनी मला गोडीगुलाबीनं सांगितलं की तुझा बाप आज नाही, तू बदलव, त्याला काय समजते. नाही बदलवलं तर पुसदहून दुसरा वायरमन आणतो. आणि तो आला की आमच्या बांधलेल्या तारांना हात लावणार हे उघड होतं. मला त्या दोन तारा डोळे मिटून सापडल्या असत्या. मी फळीखाली शिरले, दोऱ्याची गाठ हातात धरली आणि बसून राहिले. व्याही खरं बोलत होते याबद्दल मला शंका नव्हती. पण बाबा पाहून येतो म्हणाले होते, आणि त्यांनी पाहायच्या आत मी ते बदललं असतं तर त्यांच्या पाहण्याला काही अर्थच उरला नसता. शेवटी मी बाहेर आले, सिग्नलचे दोन्ही दिवे फिरवून काढले आणि कुडत्याच्या खिशात टाकले. म्हटलं, आज दिव्यांशिवाय चालवू, बाबा आले की काय ते ठरवतील. बंडूभाऊंनी कपाळाला हात लावला, पण आरतीची वेळ झाली होती.

आणि गंमत अशी की दिवे नसल्यावर देखावा बिघडला. लोक बटण दाबायचे ते भलत्याच वेळी. पोरांचे हात फाटकात यायचे. सुभद्राबाई म्हणून मिलमध्ये कापूस निवडणारी बाई होती, ती म्हणाली, "दिवे काहून काढले वो? आता कवा जाचं न् कवा थांबाचं, आमाले कसं समजन?" मी तिला म्हटलं की ते उलटे होते. तिला ते पटलं नाही. मिलमध्ये तर असंच असते, ती म्हणाली.

बाबा आले तेव्हा आरती आटोपून गर्दी पांगली होती. पायावर धूळ, डोळे लाल झालेले. ते मूर्तिजापूरला गेले होते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दिवसभर बसले आणि जाणारी येणारी प्रत्येक गाडी पाहिली. आई ताट घेऊन आली होती, तिनं ते फळीवर ठेवलं. बाबा खाली बसले आणि पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं की दिवे कुठे आहेत. मी खिशातून काढून दिले. त्यांनी ते शर्टाच्या टोकानं पुसले आणि ताटाशेजारी ठेवले.

"व्याही खरं बोलले," ते म्हणाले. "तिथं तो दिवा डायव्हरसाठी असते, कुंदे. त्याले दुरून पाहाचं असते, रस्ता मोकळा हाय का नाही. मी साऱ्या जन्मात मशीनजवळ उभ्या असलेल्या मानसासाठी दिवा लावला. गाडीत बसलेला मानूस माह्या ध्यानातच नाही आला."

मी म्हटलं की मग आपलंही काही चुकलं नव्हतं, सुभद्राबाईला आपलंच बरोबर वाटतं. मला त्यांना बरं वाटावं असं काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी मान हलवली.

"मिलमंधी बरोबर. रुळावर चूक. मले कसं समजन, मी एकाच जागी शिकलो. अन् तू शिकली माह्याजवळ. तुनं बी त्या दिव्यावर शंका नाही काढली, काढली का? माह्याजवळच राह्यली तं माही चूक घेऊन म्हातारी होशीन." मग त्यांनी ताट पुढे ओढलं. "बारावी झाली का यवतमाळले जाजो."

आईनं विचारलं की आणि डी.एड.चं काय. बाबा म्हणाले, आमटी वाढ. मी तिथंच रडायला लागले, आणि आई मला म्हणाली की असं ताटावर रडू नये.

दुसऱ्या दिवशी दोन तारा मी बदलल्या. बाबांनी गाठ सोडून दिली आणि बाजूला झाले. व्याह्यांनी येऊन गाडी पाहिली, हिरव्यावर धावणारी, आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. फाटकाशेजारी आम्ही पायी माणसांसाठी आणखी एक दिवा लावला, तो मिलच्या रीतीनं. ती सूचना व्याह्यांचीच, ते म्हणाले की फाटकावर तसा असतोच. दसऱ्याला मिलचा मुहूर्त झाला नाही. त्यानंतर तो कधीच झाला नाही आणि बाबा पुढे पंपांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं काम करू लागले.

मी यवतमाळला गेले. कसं राहिले, काय खाल्लं, वर्गात एकटी मुलगी म्हणून काय काय ऐकलं, तो वेगळा विषय आहे. इथं मला एकच सांगायचं आहे. त्या नवरात्रानंतर बाबांनी मला काही शिकवलं नाही. सुट्टीत मी घरी आले की ते मोटर समोर ठेवून बसलेले असत, मी ओट्यावर पिशवी ठेवायच्या आत सरकून जागा करत आणि विचारत, "काय शिकवलं बापा यंदा? सांग." आणि मी सांगू लागले की हातातलं काम खाली ठेवत.